लहाना मायनर हाय

"तूच सांगतलं होतं ना, मायनरले काही होत नाही म्हणून! मंग आता काऊन मांगं लागून राह्यली माह्या?"

गजेंद्र एवढ्या जोरानं बोलला का टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता हात थांबवून पाह्यलं. उंद्रीच्या स्टँडावर सकाळी माणसं कमी असतात, अन् जेवढी असतात तेवढ्यायले दुसऱ्याच्या घरचं ऐकायले वेळच वेळ असते.

"हळू बोल बे," जयमाला म्हणाली. "बाबा तिकडे उभे हायेत."

"असू दे उभे. त्यायले बी ऐकू दे. चुलीपाशी बसून तूच वाचलं होतं, तुह्याच त्या पुस्तकातून. लेकराची नोंद पुसून टाकतात, शिक्का बसत नाही, नोकरीले आडवं येत नाही. मोठी वकिलीणबाई!"

"ते खोटं नव्हतं, गज्या."

"मी कुठी म्हणलं खोटं? खरं होतं म्हणून तं फसलो."

छातीशी धरलेलं पुस्तक जयमालानं उगाच या हातातून त्या हातात घेतलं. आज तिचा पेपर होता.

ती गजेंद्रची मोठी बहीण. चिखलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले. तिचा मेजर विषय राज्यशास्त्र, अन् मायनर फौजदारी न्याय. हे मेजर-मायनर आता नवं निघालं, एक मुख्य विषय अन् एक त्याच्या जोडीचा बारका. तिनं काही लय विचार करून घेतला नव्हता. मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, अर्थशास्त्राले सरच नव्हते, राह्यला होता हा. बाप, उत्तमराव, गावात कौतुकानं सांगत फिरायचा, "पोरगी मायनर करून राह्यली." तं लोक इचारत, "कोनता मायनर? भैरोबाजवळचा का?" कारण मोठ्या कालव्यातून फुटून वावरात जाणाऱ्या बारक्या कालव्याले गावात मायनरच म्हणतात. अन् गजेंद्र तं सोताच मायनर, अठराले आजून काही महिने बाकी. एका घरात तीन मायनर झाले, अन् तिन्हीचा गुंता येऊन पडला याच्या गळ्यात.

उत्तमराव सडकेच्या पलीकडे लिंबाखाली उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात थैली. लग्नाले निघाल्यासारखे दिसत होते. निघाले होते बुलढाण्याले, बाल न्याय मंडळात, लहान्या पोराचे पालक म्हणून. या आधीच्या तारखायलेही ते असेच टापटीप आले होते.

बस आली तीच पेंगत आली. उत्तमराव पुढं डायव्हरच्या मांगच्या सीटवर जाऊन बसले. ही दोघं पार मांगं, जिथं खिडकीची काच खडखड वाजते तिथं. ती जागा जयमालानं मुद्दाम धरली. तिथं बोललेलं पुढं जात नाही.

"ऐक," ती म्हणाली. "पुस्तकात पुढं आजून हाय. मी तवा तठलोक वाचलंच नव्हतं. लेकराचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकून घेतलं पाह्यजे असं हाय. अन् यानंच केलं, असं आधीच धरून चालाचं नाही असं बी हाय."

"तुह्या पुस्तकात बाप हाय का?"

"म्हंजे?"

"बाप. घरातला. जो म्हणते, तूच केलं म्हण."

काच खडखडत राह्यली. जयमालानं ओढणीचं टोक दातात धरलं अन् सोडलं.

"आज खरं सांगून टाक," ती शेवटी म्हणाली.

"खरं म्हंजे भाऊचं नाव. घेऊ? तू घेशील माह्या जागी?"

ती बाहेर पाहू लागली. हरभरा निघून गेलेली वावरं पडली होती, कुठी कुठी कांद्याचा हिरवा तुकडा. ऊन आत्ताच डोळ्यावर याले लागलं होतं. गजेंद्रनं पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकवलं. दांडी गरम होती अन् तिले तंबाखूचा वास येत होता, तरी त्यानं डोकं उचललं नाही.

झालं होतं ते असं.

थंडीचे दिवस. गव्हाले पाणी द्याचं होतं अन् मायनरच्या पाण्याची पाळी उत्तमरावायची होती. गजेंद्र सकाळी वावरात गेला तं पाणी गायब. मायनरच्या कडेकडेनं वर जाऊन पाह्यलं, तं सुखदेवकाकानं, म्हंजे बापाच्या चुलतभावानं, लोखंडी दार पाडून सगळं पाणी आपल्या गव्हाकडे वळवलेलं. शब्दानं शब्द वाढला. सुखदेवकाकाची जीभ तशी इळ्याच्या धारेची. त्यानं गजेंद्रच्या मायवरून शिवी देल्ली. गजेंद्रच्या हातात फावडं होतं. त्यानं ते उचललं. पार खांद्याच्या वर नेलं.

अन् मंग खाली ठेवलं.

काऊन ठेवलं ते त्याले आजही सांगता येत नाही. काकाचे पाय दिसले त्याले. भेगाळलेले, गाऱ्यानं भरलेले, एका पायात चप्पल अन् दुसरी कुठी गाऱ्यात रुतून बसलेली. एवढा बोंबलणारा माणूस अन् एकाच चपलेवर उभा. त्याले वाटलं, जाऊ दे. अख्ख्या जिंदगीत 'जाऊ दे' हे त्याले पह्यल्यांदाच वाटलं असंल. फावडं धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, आडवं ठेवलं अन् बाजूले सरकला. काका दार आजून दाबाले खाली वाकला, तोंडाचा पट्टा चालूच.

तेवढ्यात शिवहरी आला. हा मोठा भाऊ. पोलीस भरतीची तयारी करते, रोज सकाळी मायनरच्या भरावावरून पळते. घरातलं गरीब वासरू, गावात कोणाले कधी वर मान करून बोललेला नाही. त्याच्या कानावर मायची शिवी पडली. त्यानं धुऱ्यावरलं फावडं उचललं अन् काकाच्या डोक्यात मांगून दांडा घातला. एकच. काका मायनरात पालथा झाला. शिवहरीनं फावडं टाकलं अन् जसा आला तसा पळत गेला, जसा काही त्याचा राऊंड बाकी राह्यला होता.

काकाले पाण्यातून ओढून काढलं गजेंद्रनं. डोक्याले रुमाल बांधला गजेंद्रनं. काकानं डोळे उघडले तं समोर तोंड दिसलं तेही गजेंद्रचंच.

चिखलीच्या दवाखान्यात टाके पडले. काकानं पोलिसायले सांगतलं, "उत्तमच्या पोट्ट्यानं मारलं." जमादारानं इचारलं, "कोनत्या पोट्ट्यानं?" आता मार तं मांगून बसला होता. काकानं बराच वेळ विचार केला अन् म्हणे, "उत्तमच्याच." जमादार म्हणे, येतो संध्याकाळी घरी, पाहू कोनता.

त्या संध्याकाळी जयमाला भाकरी थापून राह्यली होती. उत्तमराव तिच्यापाशी येऊन बसले. "जया, तुह्या त्या मायनरमंधी काय हाय वं, अठराच्या आतल्या पोरायचं? मांगं वाचत होती तू. वाच बरं पुन्हा."

तिनं हात धुतले, पुस्तक आणलं अन् वाचलं. खुशीनंच वाचलं. घरात पह्यल्यांदा कोणीतरी तिच्या मायनरची चौकशी करून राह्यलं होतं. कोनतं कलम, काय अर्थ, सगळं फोड करून सांगतलं. बापानं मान हालवली अन् गजेंद्रकडे पाह्यलं. शिवहरी खांबाले टेकून बसला होता. त्याची मान जी खाली होती ती खालीच राह्यली.

"तुले काही होत नाही गज्या," बाप म्हणाला. "शिवहरीची भरती जाईन. एक केस लागली का चौकशीत उडते पोरगं. तू मायनर हायेस. पुसून जाते तुह्यं."

मायनं, शालूबाईनं, गजेंद्रच्या ताटात न मांगता आजून एक भाकर वाढली.

तो बी लगेच हो म्हणला होता. खोटं कायले बोला, तवा त्याले त्यात एक ऐट वाटली होती. जमादार आला तं उत्तमराव दारातच म्हणाले, "लहाना, साहेब. लहाना मायनर हाय."

"हो, मायनरवरच झालं ना," जमादार म्हणे.

"मायनरवर झालं ते हावच. पन पोरगं बी मायनर हाय."

"अन् हे पुस्तक कायचं?"

"ते पोरीचं मायनर."

जमादारानं कपाळाले हात लावला. सगळे जण जरा हासले बी तवा.

ऐट चार दिवस टिकली. मंग गजेंद्रच्या ध्यानात एक गोष्ट आली अन् ती कुसळासारखी रुतली ते रुतलीच. कोणाले खोटं वाटलंच नाही. अख्ख्या गावात एका माणसानं म्हणलं नाही का, गज्या? नाही बा, तो कायले मारते. सगळे म्हणले, "कधी ना कधी होणारच होतं." चिखलीच्या गॅरेजचा मेस्त्री त्याले कामाले ठेवणार होता, तो म्हणे, "आधी केस मिटव. पान्हा हातात असताना तुह्यं डोकं फिरलं तं गिऱ्हाईक कोण पाहीन?" सुखदेवकाकाची लहानी पोरगी छकुली, जी याच्या खांद्यावर बसून पोळा पाहाची, ती आता हा दिसला का घरात पळे.

रागीट तं तो होताच, त्याच्यात वाद नाही. दहावीत सरानं सगळ्यायसमोर बापावरून टोमणा मारला म्हणून बाक उलटा करून जो निघाला तो पुन्हा शाळेत गेला नाही. पण ज्या दिवशी त्यानं राग गिळला, नेमकी त्याच दिवसाची केस झाली.

अन् तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा लागे. पोलिसायले सांगतली. घरी चौकशीले आलेल्या परिविक्षा अधिकाऱ्याले, म्हंजे पोरगं कसं हाय, घर कसं हाय ते पाहून मंडळाले कळवणाऱ्या साहेबाले, सांगतली. मंडळात सांगतली. उचललं अन् मारलं. दर खेपेले मधलं खाली ठेवलेलं गाळून सांगा लागे. जीभ तठी येऊन अडके, त्याले तेवढं गिळा लागे, अन् मंग दिवसभर अंगात दम राह्यत नसे. वखर हाकून माणूस एवढं थकत नाही.

बस चिखलीच्या स्टँडात वळली. जयमाला उठली.

"कोनता पेपर हाय आज?" गजेंद्रनं इचारलं.

"माहीत असून काऊन इचारतो?"

"फौजदारी न्याय?"

"हाव."

"लिव मंग. लेकराले काही होत नाही, लिव. पैकीच्या पैकी मार्क भेटतीन."

बाकीचे उतरून राह्यले होते अन् ही मधातच उभी. एक बाई मांगून म्हणे, "सरक ना वं माय." ती सरकली नाही.

"मी फुशारकीत वाचलं गज्या त्या दिवशी."

"माहीत हाय मले."

"बाबा कायले इचारून राह्यले ते मले कळलं नव्हतं."

"हे आता तू तुह्यं पाह्य."

"माह्यावर राग हाय?"

गजेंद्रनं तिच्याकडे नीट पाह्यलं. तिच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. ती जागून अभ्यास करत नव्हती एवढं त्याले माहीत होतं, पुस्तक उघडं टाकून भिताडाकडे पाहात बसे.

"राग नाही," तो म्हणाला. "थकलो मी जया. जा, पेपर सुटंल."

ती उतरली. उत्तमरावायनं खिडकीतून ओरडून सांगतलं, "जपून लिवजो वं!" तिनं मांगं वळून पाह्यलं नाही.

बुलढाण्याले स्टँडावरून मंडळापर्यंत बापलेक पायी गेले. बाप पुढं, पोरगा मांगं. वाटेत उत्तमराव तेच ते घोकून घेत होते. "उभा राहून बोलजो. हात मांगं ठेवजो. रागाच्या भरात झालं म्हणजो. आता राग येत नाही म्हणजो. आज मिटलं का संपलं. मॅडम समजदार हायेत."

"हाव."

"हाव काय हाव. नीट म्हणून दाखव."

"रागाच्या भरात झालं. आता राग येत नाही."

"हा असा डोळे वटारून नोको म्हणू."

मंडळ म्हंजे काही कोर्टासारखं नसते. गजेंद्र पह्यल्यांदा आला तवा त्याले वाटलं होतं पिंजरा असंल, हातोडा असंल. तसलं काही नाही. एक खोली, लांब टेबल, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिताडावर हासणाऱ्या लेकरायचं पोस्टर. पोस्टरातल्या एका पोरीले कोणीतरी पेनानं मिशा काढल्या होत्या. बाहेर बाकड्यावर त्याच्यासारखीच पोट्टी बसलेली, प्रत्येकाच्या बाजूले एक एक बाप नाहीतर माय. एक पोट्टं आपल्या शर्टाचं बटन काढून पुन्हा लावे, पुन्हा काढे. त्याच्या मायनं शेवटी त्याच्या हातावर चापट मारली अन् मंग तोच हात आपल्या हातात धरून ठेवला. गजेंद्र ते पाहात राह्यला.

नंबर आला तवा दुपार झाली होती अन् डोक्यावरला पंखा गरम हवाच फिरवून राह्यला होता.

टेबलामांगं मधात न्यायाधीश मॅडम होत्या, बाजूले दोघं सदस्य. मॅडमचा आवाज शांत होता, दिवसभर तेच तेच ऐकून थकलेला, पण वाकडा नव्हता.

"ये गजेंद्र. बस. उभा नको राहू."

तो बसला. बापानं सांगतलेलं पह्यलंच चुकलं.

"तुझ्याबद्दलचा अहवाल मी वाचला. घरची परिस्थिती ठीक आहे, आधीची कुठली तक्रार नाही. तू मारल्याचं कबूल केलं आहेस. काकांची जखमही भरली आहे. आज आपण शेवटचं काय ते ठरवू शकतो. समुपदेशनाला यावं लागेल काही दिवस. राग कसा आवरायचा ते तिथं शिकवतात. येशील?"

"येईन मॅडम," उत्तमरावच बोलले. हात जोडून, खुर्चीतून अर्धे उठून. "येईन ना. मी सोता आणून सोडीन."

"त्याला बोलू द्या."

"बोलते ना मॅडम. पन तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं हाय. राग लय हाय त्याले. लहानपनापासून असाच हाय. दुसरीत होता तं मास्तरची छडी मोडली यानं. मायनं एकदा ताट वाढाले उशीर केला तं ताटच फेकलं. दहावीत बाक उलटा केला. आता काय सांगू, एकाच गोठ्यातली दोन वासरं, एक गरीब निघते अन् एक मारकं. हे मारकं निघालं. त्या दिवशी बी तेच झालं. मी म्हणतच होतो, हे पोट्टं एक दिवस कोणाचं तरी डोकं फोडते."

गजेंद्रनं बापाकडे पाह्यलं.

नजर त्याची बारीक होती. कोण खोटं बोलून राह्यलं ते त्याले लगेच दिसे. बाप खोटं बोलला का उजव्या हातानं टोपी सारखी करे. जमादारासमोर त्यानं ती केली होती, साहेबासमोर केली होती, मांगच्या तारखेले केली होती. आता दोन्ही हात जोडलेले होते. टोपीकडे गेला नाही एकही. चेहऱ्यावर काही अडखळ नाही, उलट जरासं हासू, आपल्या घरच्या मारक्या जनावराचं सांगतो माणूस तसं. बाप खोटं बोलतच नव्हता. बोलता बोलता त्याले आता तसंच झालं वाटत होतं.

गजेंद्रच्या कानामांगं गरम झालं. बाक उलटा केला तवा झालं होतं तसंच. खुर्ची हातात यायची बाकी होती फक्त. त्यानं मांडीवर हात दाबून धरले. बोटं पांढरी पडली. त्यानं वाट पाह्यली. पंखा फिरत राह्यला.

"मी नाही मारलं," तो म्हणाला.

त्याचा आवाज एवढा बारीक निघाला का मॅडम पुढं वाकल्या. "काय म्हणालास?"

"मी नाही मारलं, मॅडम."

"गज्या!" बापानं त्याचं मनगट पकडलं.

"उत्तमराव, हात सोडा," मॅडम म्हणाल्या. "गजेंद्र, मागच्या वेळी तू याच खोलीत कबूल केलं होतंस."

"हाव. केलं होतं."

"मग आज काय झालं?"

"मले राग येते. बाबा सांगून राह्यले ते सगळं खरं हाय, छडी, ताट, बाक, सगळं. त्या दिवशी बी आला. फावडं उचललं होतं मी. पण मंग खाली ठेवलं. धुऱ्यावर ठेवलं. हे मी कोणालेच सांगतलं नाही, म्हणून कोणी लिवलं बी नाही. पण ठेवलं होतं."

बाजूच्या सदस्यानं चष्मा काढून हातात घेतला.

"मग काकांना कोणी मारलं?"

इथंच तो आजलोक अडकत होता. जया म्हणे खरं सांग, अन् खरं म्हंजे भाऊचं नाव. या बाजूनं खोटं, त्या बाजूनं भाऊ. एवढे दिवस त्याले ह्या दोनच वाटा दिसत होत्या. आता तोंड उघडलं तं दिसलं का मधात उभं राहाले तेवढी जागा हाय.

"ते मी नाही सांगणार," तो म्हणाला. "तुम्ही मले माह्यं इचारा. माह्यं मी सांगतलं. दुसऱ्याचं मले नोका इचारू."

"तुला कोणी कबूल करायला सांगितलं होतं का?"

गजेंद्र पोस्टरातल्या मिशीवाल्या पोरीकडे पाहात राह्यला. उत्तमरावायचा उजवा हात वर गेला, टोपीपर्यंत, अन् तिथंच थांबला.

मॅडमनं ते पाह्यलं का नाही कोणास ठाऊक. त्यायनं पेन उचललं. "ठीक आहे. आज काही ठरवणार नाही मी. तू आत्ता जे बोललास ते तसंच लिहून घेते. चौकशी पुन्हा होईल, घरच्यांनाही विचारतील, काकांनाही. पुढची तारीख घेऊन जा." मंग जरा थांबून म्हणाल्या, "पाणी पिऊन जा, बाळ."

तो पाणी प्यायला. दोन गिलास प्यायला.

बाहेर आल्यावर त्याले वाटलं आता कानाखाली बसते. त्यानं गाल तयार ठेवला होता. बसली असती तं बरं झालं असतं. पण उत्तमराव पायरीवर बसले, थैली मांडीवर घेतली अन् समोरच्या सडकेकडे पाहात राह्यले. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती.

"आता काय होईन रे शिवहरीचं?" ते म्हणाले.

गजेंद्र उभाच. त्याचं काय होईन, हे आजही कोणी इचारलं नाही. पण आज त्याले त्याचा राग आला नाही. राग याले बी अंगात काहीतरी लागते.

"चहा घेता?" त्यानं इचारलं.

बापानं मान हालवली. हो का नाही ते कळलं नाही. गजेंद्रनं टपरीवरून एक चहा आणून त्याच्या हातात देल्ला. बापानं तो धरला. पिला नाही, नुसता धरला.

"मी जातो पुढं," गजेंद्र म्हणाला. "तुम्ही या मांगून."

"कुठी जातो?"

"मेस्त्रीकडे. सांगतो त्याले, मारलेलं नाही म्हणून. ठेवते का नाही ते त्याचं तो पाहीन."

"अन् घरी काय सांगू मी?"

तो चालू पडला. स्टँडात पोचता पोचता खिशातला फोन वाजला. शिवहरी. बाबायनं लावला असंल त्याले तेवढ्यात. गजेंद्रनं फोन कानाले लावला तं आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला. एवढ्या उन्हात पळून राह्यला होता का काय.

"गज्या."

"बोल भाऊ."

"काय सांगतलं तू आत?"

"तुह्यं नाव नाही घेतलं. माह्यं तेवढं काढून घेतलं."

धाप थांबली. मांगं कुठीतरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, म्हंजे मायनरवरच होता तो.

"मंग आता?"

"आता ते पुन्हा येतीन. बाबाले इचारतीन, सुखदेवकाकाले इचारतीन. तुले बी इचारतीन."

"तू काय सांगशील?"

"आज सांगतलं तेच. दुसरं काही नाही पाठ माह्यं."

"मी लय येळा म्हणणार होतो गज्या. तुह्यासमोर येऊन बसलो बी एकदा. आठवते? तू गाडी धूत होता." शिवहरीचा आवाज फाटला. "भरतीच्या ग्राउंडात पास उतरलो होतो रे मी या खेपेले. पह्यल्यांदा उतरलो होतो."

"माहीत हाय."

"मी जाऊन सांगू का? सोता? सांग ना. तू म्हणशील तसं करतो."

चिखलीची गाडी फलाटाले लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून वरडून राह्यला होता अन् माणसं एकमेकायले दाबत चढून राह्यली होती. गजेंद्रनं एक पाय पायरीवर ठेवला.

"हे मले नोको इचारू भाऊ."

"दोन मिनिटं थांब ना गज्या. ऐकून तं घे. मी काय म्हणतो..."

"नाही भाऊ, गाडी सुटून राह्यली. मले आता निघा लागते."